मधुमेही कोणास म्हणावे? दीर्घकालीन आरोग्य पाहणी आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा वनप्रदेश

पीक कापणी प्रयोगाची रीत ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना आणि शेतकऱ्यांना परिचित आहे. गावातील उत्तम धानाची बांधी पाहून तेथे चौकट आखावयाची नसते, तशीच रस्त्याच्या कडेची सोयीची बांधीही घ्यावयाची नसते. चिठ्ठीने जे शेत निघेल तेथेच ठरलेल्या मापाची चौकट आखून, ठरलेल्या रीतीने कापणी, मळणी व वजन करावयाचे असते. एका वर्षी ओल्या धानाचे वजन घेतले आणि दुसऱ्या वर्षी वाळलेल्याचे घेतले, तर उत्पन्न वाढले की घटले हे कोणासही सांगता येणार नाही. माणसांच्या आरोग्याची वर्षानुवर्षे चालणारी पाहणी याच जातीची असते.

अशा पाहणीत तीच गावे व तीच माणसे पुनःपुन्हा तपासली जातात. आज निरोगी असलेल्यांपैकी पाच, दहा वा वीस वर्षांत कोणास रोग जडला, कोणास जडला नाही, आणि या दोहोंच्या आहारात, श्रमात, जन्मवेळच्या वजनात काय फरक होता, हे शोधावयाचे असते. मधुमेहाच्या पाहणीत ही सारी इमारत एका प्रश्नावर उभी राहते : या माणसास मधुमेह आहे, असे कोणत्या आधारावर लिहावयाचे? हा प्रश्न डॉक्टरांचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर पुष्कळ अंशी गावातच, भल्या सकाळी, आशा कार्यकर्ती किंवा आरोग्यसेवक माणसाच्या बोटास सुई लावतात तेथे ठरते.

जंगलात हा रोग आहे काय?

मधुमेह हा शहरातील बैठे काम करणाऱ्यांचा रोग असून धानाच्या शेतात आणि जंगलात राबणाऱ्यास तो होत नाही, अशी समजूत अद्याप आढळते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीत महाराष्ट्राची तपासणी पहिल्या टप्प्यातच झाली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या आकड्यांप्रमाणे राज्यातील वीस वर्षांवरील माणसांत मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के होते, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचे १२.८ टक्के. सर्व राज्यांचे आकडे २०२३ साली बाहेर आले. १,१३,०४३ माणसांच्या या तपासणीत देशाचे प्रमाण ११.४ टक्के निघाले, शहरांत १६.४ आणि खेड्यांत ८.९. खेडी मागे आहेत, पण रोगापासून मुक्त नाहीत.

या आकड्यांवरून भामरागड वा सिरोंचा तालुक्याविषयी मात्र काहीच निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी त्याच मुलखात पाहणी व्हावयास हवी, आणि तशी पाहणी या मुलखात करता येते याचा उत्तम दाखला गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली सुरू केलेल्या 'सर्च' या संस्थेने ८६ गावांतील प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवली. गावातील कार्यकर्ता मृत्यू कळवीत असे; नंतर प्रशिक्षित माणूस त्या घरी जाऊन अखेरच्या आजाराची लक्षणे नातेवाइकांना विचारून लिहून घेत असे; आणि त्या लेखावरून डॉक्टर मृत्यूचे कारण ठरवीत. एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत १,५९९ मृत्यू झाले. त्यांपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताने झाले होते, आणि इतर कोणत्याही एका कारणापेक्षा हा आकडा मोठा होता. त्या २२९ पैकी ८७ टक्के माणसे घरीच वारली होती. इस्पितळाच्या वह्या चाळून ही गोष्ट कधीच हाती लागली नसती.

पक्षाघाताची दोन मोठी कारणे म्हणजे रक्तदाब आणि मधुमेह. पण पक्षाघात आणि मधुमेह यांच्या नोंदीत एक महत्त्वाचा भेद आहे. हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडे झाले, वाचा गेली, हे घरच्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. मधुमेह पुष्कळदा कित्येक वर्षे मुका राहतो. वारंवार लघवी, तहान, वजन घटणे ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा रोग जुना झालेला असतो. सबब विचारून तो सापडत नाही. रक्त तपासावेच लागते.

'नाही' या उत्तराचा अर्थ

पाहणीत मधुमेही तीन वाटांनी हाती येतो. कोणी आधीच निदान झालेले असतात, काहींचे निदान पाहणीच्या तपासणीत होते, आणि काहींचा पत्ता इस्पितळाच्या कागदावरून किंवा मृत्यूच्या चौकशीतून लागतो.

पहिली वाट सोपी दिसते आणि तीच सर्वांत फसवी आहे. "तुम्हाला शुगर आहे काय?" असे विचारले की ज्याचे रक्त आयुष्यात एकदाही तपासले गेले नाही तो मनुष्य प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो. त्याच्या 'नाही'चा अर्थ 'तपासले नाही' एवढाच असतो. बल्लारपूर वा चंद्रपूर शहरात दवाखाने जवळ असल्याने तेथे 'होय' म्हणणारे अधिक निघतील आणि एटापल्लीच्या आतल्या गावांत थोडे. यावरून रोगाचा फरक सिद्ध होत नाही, फक्त दवाखान्याच्या अंतराचा होतो. म्हणून प्रश्न दोन करावेत. साखरेसाठी रक्त कधी तपासले होते काय, आणि तपासले असल्यास डॉक्टर वा नर्स यांनी काय सांगितले? 'होय' म्हणणाऱ्याकडून औषधाची पाकिटे व चिठ्ठी पाहावयास मागावी आणि औषधाचे नाव उतरून घ्यावे. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्यास त्याच्याच भाषेत विचारणारा सोबती बरोबर असावा. मराठीत मान डोलावली याचा अर्थ प्रश्न कळला असा धरू नये.

आकडा लिहावा, निकाल मागाहून

दुसरी वाट रक्ताच्या तपासणीची. सध्या सर्वमान्य असलेल्या मर्यादा अशा : किमान आठ तास उपाशी असताना रक्तातील साखर दर डेसिलिटरला १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक, अथवा ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक, म्हणजे मधुमेह. दोन तासांचा आकडा १४० ते १९९ च्या दरम्यान आला तर मनुष्य उंबरठ्यावर आहे. गरोदर स्त्रियांचे निकष वेगळे असल्याने त्यांची नोंद वेगळी ठेवावयाची असते.

या मर्यादा दगडावर कोरलेल्या नाहीत. उपाशीपोटीची मर्यादा पूर्वी १४० होती. ती १९९७ साली अमेरिकेतील मधुमेह संघटनेने १२६ वर आणली आणि १९९९ साली जागतिक आरोग्य संघटनेने ती स्वीकारली. ज्याची साखर १३० होती तो मनुष्य एका रात्रीत निरोग्याचा रोगी झाला. त्याच्या रक्तात काहीही बदलले नव्हते. १९९५ साली वहीत नुसते 'मधुमेह नाही' असे लिहून ठेवणाऱ्याची नोंद पुढे निरुपयोगी ठरली. '१३०, उपाशी, सकाळी ७' असे लिहिणाऱ्याची नोंद आजही कामास येते. कोणत्याही दीर्घकालीन पाहणीच्या कार्यकर्त्याने आकडा, वेळ, शेवटचे खाणे-पिणे आणि यंत्राचे नाव लिहावे. रोगी-निरोगी हा शिक्का मागाहून कोणत्याही मर्यादेने मारता येतो.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. मोठ्या पाहणीत एका तपासणीवरून माणूस मधुमेह्यांत मोजण्याची प्रथा आहे. कारण तेथे प्रश्न हजारो माणसांतील प्रमाणाचा असतो. लक्षणे नसलेल्या एखाद्या व्यक्तीस मधुमेही ठरवून औषध सुरू करावयाचे, तर तपासणी दुसऱ्यांदा करून खात्री करावी लागते. पाहणीतला रुग्ण आणि उपचारातला रुग्ण यांत एवढे अंतर राहते, आणि ते घरच्यांस समजावून सांगणे हे गावातील कार्यकर्त्याचेच काम आहे.

तीन महिन्यांची साखर आणि सिकलसेल

अलीकडे आणखी एक तपासणी प्रचारात आली आहे. तिला लोक 'तीन महिन्यांची साखर' म्हणतात. प्रयोगशाळेच्या कागदावर 'एचबीए१सी' असे लिहिलेले असते. ६.५ टक्के किंवा अधिक आल्यास मधुमेह, हा निकष जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मान्य केला. उपाशी राहावे लागत नाही, दोन तास बसावे लागत नाही, दिवसाच्या कोणत्याही वेळी रक्त घेता येते. दूरच्या गावांसाठी ही तपासणी जणू घडवून आणल्यासारखी वाटते. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीत नेमका येथेच धोका आहे, आणि या लेखाचा मुख्य हेतू तो धोका दाखविण्याचा आहे.

या तपासणीचे तत्त्व असे. रक्तातील लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. तेवढ्या काळात तिच्यातील हिमोग्लोबिनास रक्तातील साखर हळूहळू चिकटत जाते. साखर जितकी अधिक, तितका चिकटलेला भाग अधिक. पेशी पूर्ण आयुष्य जगली असेल तरच हा हिशोब बरोबर येतो. सिकलसेलच्या रुग्णाची लाल पेशी अवघी दहा ते वीस दिवस टिकते. तिला साखर चिकटावयास अवधीच मिळत नाही. साखर भरपूर असूनही आकडा कमी येतो, आणि मधुमेही मनुष्य निरोग्यांच्या यादीत जाऊन बसतो.

सिकलसेलचा रुग्ण आणि वाहक यांत फरक आहे. वाहक सामान्यतः निरोगी दिसतो व जगतो. पण त्याच्याही बाबतीत ही तपासणी पूर्णपणे भरवशाची नाही. अमेरिकेतील दोन दीर्घकालीन पाहण्यांतील ४,६२० कृष्णवर्णीय लोकांच्या नोंदी एकत्र करून २०१७ साली एक तुलना प्रसिद्ध झाली. त्यांत ३६७ जण सिकलसेलचे वाहक होते. साखरेची पातळी सारखीच असताना वाहकांचा आकडा सरासरी ५.७२ आला आणि इतरांचा ६.०१. फरक ०.२९ चा, दिसावयास किरकोळ. पण ज्याचा खरा आकडा ६.६ यावयाचा त्याचा ६.३ आला की तो मर्यादेच्या अलीकडे राहतो. शिवाय काही यंत्रे वाहकाच्या हिमोग्लोबिनाने गोंधळून भलताच आकडा देतात.

मध्य भारतात सिकलसेल असल्याचे नागपूरच्या संशोधकांनी १९५८ सालीच दाखवून दिले होते. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत त्याचे वाहक व रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. त्यात हिवतापाची भर पडते. राज्यातील हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा वर्षानुवर्षे मोठा राहिला आहे, आणि हिवतापातही लाल पेशी अकाली फुटतात. उलट, लोहाच्या कमतरतेने पांडुरोग झालेल्या स्त्रीमध्ये हाच आकडा खोटाच वाढून येऊ शकतो. एकाच गावात एका घरी मधुमेह दडतो आणि शेजारच्या घरी नसलेला दिसतो. अशा दोन चुका एकमेकींना भरून काढतात, असे समजणे चुकीचे होय. त्या वेगवेगळ्या माणसांच्या वाट्याला येतात.

यास्तव या भागात केवळ तीन महिन्यांच्या साखरेवर कोणास मधुमेही अथवा निरोगी ठरवू नये. उपाशीपोटीची व ग्लुकोजनंतर दोन तासांची तपासणी त्रासाची असली तरी तीच आधारभूत मानावी. तसेच प्रत्येकाच्या नोंदीत सिकलसेलच्या तपासणीचा निकाल आणि हिमोग्लोबिन लिहिलेले असावे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली असून तिच्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या माणसांची तपासणी होत आहे. त्या वहीतील निकाल मधुमेहाच्या वहीत उतरविण्यास खर्च काहीच नाही. दोन वह्या दोन कपाटांत राहणे हीच अडचण!

मोहफूल, पट्टी आणि रक्ताची नळी

उपाशीपोटी म्हणजे काय, हे आदल्या दिवशी सांगावे लागते. साखर वा गूळ घातलेला काळा चहा पिऊन आलेला मनुष्य "काही खाल्ले नाही" असेच सांगतो. पेज व आंबील यांनाही कित्येकजण खाणे समजत नाहीत. रात्रीच्या जेवणानंतर साध्या पाण्याशिवाय काही नको, असे स्पष्ट सांगावे. ग्लुकोजची बाजारातील पूड पाण्याचा अंश धरून असते. म्हणून ७५ ग्रॅमसाठी ती ८२.५ ग्रॅम मोजावी लागते. चमच्याने अंदाज करू नये. द्रावण पाच मिनिटांत पिऊन झाल्यावर दोन तास माणसास गोटुलात किंवा शाळेच्या पडवीत बसवून ठेवावे. गुरे पाहून येतो म्हणून गेलेला मनुष्य चालून आला की आकडा बिघडला. ज्यांचे निदान आधीच झाले आहे त्यांना हे ग्लुकोज पाजू नये.

बोट साबणाने धुऊन पुरते वाळवावे. मोहफुले साखरेने भरलेली असतात. सकाळी मोह वेचून आलेल्याच्या बोटावरील चिकट रस रक्ताच्या थेंबात मिसळला की ग्लुकोमीटर निरोगी माणसाससुद्धा मधुमेही ठरवितो. पट्ट्यांची डबी उघडी ठेवल्यास दमट हवेने व उन्हाने पट्ट्या खराब होतात.

शिरेतून काढलेले रक्त प्रयोगशाळेत पाठवावयाचे असेल तर वेळेचे भान हवे. नळीतील पेशी जिवंतच असतात आणि त्या साखर खात राहतात. सामान्य उष्णतेत दर तासाला ५ ते ७ टक्के साखर नाहीशी होते. १३५ चा आकडा तीन तासांच्या प्रवासात १२० च्याही खाली उतरू शकतो. फ्लोराइडची नळी वापरावी, ती लगेच बर्फात ठेवावी आणि शक्य तेवढ्या लवकर रक्तद्रव वेगळा करावा. एकटे फ्लोराइड पहिल्या तास-दीड तासात पुरेसे काम करीत नाही. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा मार्ग बंद पडल्याचे अनेक पावसाळ्यांत घडले आहे. अशा वेळी नळ्या पाठविण्यापेक्षा जागच्या जागी चांगल्या ग्लुकोमीटरने तपासून तसे लिहून ठेवणे शहाणपणाचे होय. मात्र बोटाचे रक्त व शिरेचे रक्त यांचे आकडे एका रकान्यात मिसळू नयेत.

सडपातळ माणसास वगळू नये

तीस वर्षांवरील सर्वांची तपासणी करण्याच्या सरकारी कार्यक्रमात आशा कार्यकर्ती एक तक्ता भरतात. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम आणि घराण्यातील रोग यांना त्यात गुण असतात. घेराची पहिली मर्यादा पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटिमीटर आहे. या तक्त्याने कोणास आधी बोलवावे ते ठरते. ज्याचे गुण कमी त्यास तपासूच नये, असा त्याचा अर्थ नाही. आमच्याकडील कष्टकरी माणसाचा घेर कमी, म्हणून तो तक्त्याच्या तळाशी राहतो.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा गावांत १९९३ पासून चालविलेली पाहणी या बाबतीत डोळे उघडणारी आहे. विवाहित स्त्रियांच्या घरी दरमहा जाऊन पाळीच्या तारखा टिपल्या गेल्या, म्हणजे गर्भधारणा प्रारंभीच कळावी. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधील साऊदॅम्प्टनच्या बाळांहून सुमारे ८०० ग्रॅमने हलकी. पण त्वचेखालील चरबी त्या मानाने घटलेली नव्हती. घटले होते ते मांस. हीच मुले ६, १२ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासली गेली. अठराव्या वर्षी मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर मधुमेहाच्या किंवा त्याच्या उंबरठ्याच्या पातळीत आढळली. त्यांची उपाशीपोटीची साखर सहाव्या वर्षीही इतरांहून थोडी वरच होती. सहा वर्षांच्या मुलाचा तो आकडा त्या वेळी निरोगीच गणला गेला होता. तो लिहून ठेवला होता म्हणून बारा वर्षांनी त्याचा अर्थ लागला.

कुपोषित, कृश माणसास होणारा मधुमेह वेगळा मानावा की नाही, याविषयीही मते बदलत आली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली तो प्रकार वेगळा गणला, १९९९ साली यादीतून काढला, आणि २०२५ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्यास पाचवा प्रकार म्हणून पुन्हा मान्यता दिली. वजन व उंचीची नोंद साखरेच्या शेजारी असेल, तरच असे रुग्ण पुढे ओळखू येतील.

शेतीशी संबंध कसा येतो, हे अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील पिमा या आदिवासींच्या पाहणीने दाखविले. गिला नदीच्या पाण्यावर त्यांची शेती होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या बाजूस आलेल्या वसाहतवाल्यांनी पाणी वळविले, शेती उजाड झाली आणि पुढे पीठ, साखर व चरबी यांच्या विकतच्या वा वाटपाच्या अन्नावर गुजराण होऊ लागली. १९६५ पासून चार दशकांहून अधिक काळ, पाच वर्षांवरील प्रत्येकास दर दोन वर्षांनी ग्लुकोज पाजून तपासण्यात आले. २०० ही मर्यादा ठरविण्यास या आकड्यांचे मोठे साहाय्य झाले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत ॲरिझोनातील पिमांत मधुमेह ३८ टक्के निघाला, तर मेक्सिकोच्या डोंगरात अद्याप हाताने शेती करणाऱ्या त्यांच्या भाऊबंदांत ६.९ टक्के.

बोडीतील पाणी

आकडा वाढला म्हणजे रोग वाढला, असे नेहमीच नसते. गावच्या बोडीत पाणी वाढले तर एक तर आवक वाढली, नाहीतर पाट बंद झाला. गावातील एकूण मधुमेही म्हणजे बोडीतील पाणी. वर्षभरात नव्याने झालेले मधुमेही म्हणजे आवक. मृत्यू म्हणजे जावक. औषध नियमित मिळू लागले, माणसे अधिक वर्षे जगली, की आवक तीच असूनही पाणी चढते, आणि ते वाईट लक्षण नव्हे. आवक मोजावयाची तर प्रारंभी कोणास रोग नव्हता हे पक्के ठाऊक हवे, आणि तेच लोक पुढील फेरीस सापडावयास हवेत. एका गावात एकाच नावाचे चार आत्राम किंवा मडावी असतात. म्हणून घर क्रमांक, वडिलांचे वा पतीचे नाव आणि वय यांवाचून नोंद पुरी समजू नये.

ज्याची साखर वाढलेली निघाली त्यास त्याच दिवशी तसे सांगून, खात्रीच्या तपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे चिठ्ठी देणे हे पाहणीचाच भाग आहे. केवळ मोजून निघून गेल्यास दुसऱ्या फेरीस त्या गावात कोणी बोट पुढे करणार नाही.

फेरीचा काळही दरवर्षी एकच ठेवावा. चैत्राच्या सुमारास पहाटेच मोह वेचावयास घरे रिकामी होतात आणि लगेच तेंदूपत्त्याचा हंगाम लागतो. पावसाळ्यात रोवणी, हिवताप व पूर असतात. नववर्षानंतर अनेक कुटुंबे मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात. धानाची मळणी आटोपल्यापासून ती कुटुंबे निघेपर्यंतचे थोडे आठवडे या कामास सर्वांत बरे. माणसे घरी असतात, सकाळी थंडी असते आणि नळ्यांना बर्फही कमी लागतो.